दर तासाला सांगायचा वास: भोंगवली ते पाली

पालीला यायला आमच्या हौसाबाईनं एका अटीवर होकार दिला. दर तासाला मी तिच्या मनगटाला नाक लावायचं आणि कसला वास येतोय ते खरं खरं सांगायचं. खोटं बोललो की तिला कळतं. माझ्या कानाच्या पाळ्या लाल होतात म्हणते.

अट का घातली ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा-म्हातारीला काही झालंय. दोन वर्षांमागं तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. फोडणी करपली तरी कळेना, उदबत्ती पेटलीय का विझलीय तेही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून आलेला नाही. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं बायकांना मसाल्याचं दूध दिलं. ते नासलेलं होतं. पहिल्या बाईनं घोट घेतला आणि पदर तोंडाला लावला. तेव्हापासून हौसाबाई चार माणसांत जाईना. दुधाचं राहू द्या, तिला स्वतःचीच भीती बसली. "माझ्या अंगाला गोठ्याचा वास येतोय का घामाचा, मला काय म्हाईत? लोकं तोंडावर थोडीच सांगत्यात?" एक लग्न आणि दोन बारशी तिनं अशीच चुकवली.

आता तिच्या थोरल्या बहिणीच्या, पालीच्या आक्काच्या, नातवाचं बारसं होतं. आक्कानं फोनवर सांगितलं, "हौसे, ह्या बारशाला न्हाई आलीस तर पुन्यांदा माझ्या दारात पाय ठेवू नगंस." आक्का बोलते तसं करते. त्यामुळे मला आठ दिवस आधीपासून झोप नव्हती.

आमची लेक रेखा पुण्यात असते. तिनं आईसाठी अत्तराची फवाऱ्याची बाटली पाठवली आणि फोनवर मला समजावलं, "तात्या, याचे थर असतात. नोट्स म्हणतात त्यांना. पहिली दहा-पंधरा मिनिटं संत्र्याची साल आणि मिरी. मग दोन-तीन तास मोगरा. शेवटी चंदन आणि कस्तुरी, ते संध्याकाळपर्यंत राहतं." मी सगळं वहीत वेळेसकट लिहून घेतलं.

इथं माझी अडचण सांगायला पाहिजे. शिक्षण माझं आठवीपर्यंत. एकतीस वर्षं मी दूध संकलन केंद्रावर होतो आणि माझं काम नाकाचं होतं. कॅन आला की झाकण उचलायचं आणि कॅनमध्ये नाही, झाकणात नाक घालायचं, कारण वास झाकणाला धरून बसतो. मग एकच शब्द बोलायचा. "पास" किंवा "परत". एकतीस वर्षांत वासाबद्दल तिसरा शब्द बोलायची मला गरजच पडली नाही.

पहिला दिवस: भोंगवली ते भोर

सकाळी सातला निघालो. माझ्याजवळ दोन पाण्याच्या बाटल्या, विजेरी, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि तिन्ही खिशांत रेखाचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या. हौसाबाईजवळ बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. उंबऱ्यातच तिनं मनगट पुढं केलं.

"सांगा."

मी नाक लावलं. "पास."

"म्या दूध हाय व्हय?"

"चांगला येतोय."

"चांगला म्हंजे कसला?"

मी वही काढली आणि वाचून दाखवलं, संत्र्याची साल, मिरी. ती म्हणाली, "वहीत काय लिवलंय ते नगं. नाकात काय आलं ते सांगा." नाकात काय आलं होतं ते मला माहीत होतं, पण ते तोंडापर्यंत येईना.

हायवेपर्यंत टेम्पो मिळतो, माणशी वीस रुपये. पण सकाळी त्यात भाजी असते हे लक्षात ठेवा. आम्ही कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसून गेलो. उतरल्यावर मनगटाला कोथिंबिरीचा वास येत होता, आणि तो संत्र्याच्या सालीत धरायचा की नाही हे मला ठरवता येईना. हायवेवरून कापूरहोळ आणि तिथून एसटीनं भोर. मी पासष्टच्या पुढचा म्हणून मला अर्धं तिकीट, ती बाई म्हणून तिला अर्धं. दोघं मिळून एका माणसात जातो. म्हातारपणाचा एवढा एकच फायदा मला अजून सापडलाय.

भोरला झबलं-टोपडं घ्यायचं होतं. बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानात बसलो. दुकानदार झबली मांडता मांडता थांबला आणि हसून म्हणाला, "मावशी, लग्नाला निघालाय जनू?"

हौसाबाईचा हात टोपड्यावरच थांबला. "का वं?"

"न्हाई, दरवळ सुटलाय दुकानात. मांडवात शिरल्यावानी वाटलं."

बाहेर आल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. "भडक येतोय व्हय? लोकं काय म्हनतील, ह्या वयात."

वहीप्रमाणे आता मोगऱ्याची वेळ होती. मी हुंगलं. "मोगराच हाय."

"किती?"

आता मोगरा किती ते कशात मोजायचं? दुधाला फॅटचं यंत्र असतं, याला काय आहे? मी म्हटलं, "एका गजऱ्याएवढा." तिनं माझ्या कानाकडं बघितलं. "दोन गजरे," मी कबूल केलं. मग तिनं रस्त्यातल्या नळावर मनगट चोळून धुतलं. वास काही गेला नाही. मला पुढचा अर्धा तास वाटत राहिलं की आता थरांचा हिशेब बिघडला, रेखाला फोन करावा का.

भोरला जेवून घ्या, पुढं नीट काही मिळेल याचा भरवसा नाही. स्टँडच्या बाहेर एका खानावळीत मटकीची उसळ आणि भाकरी साठ रुपयांत मिळाली, उसळ तिखट होती. हौसाबाईला आता चवही अर्धीच कळते. तिनं कांदा मागून घेतला, कांद्याचा निदान झणका तरी लागतो म्हणते.

भोर ते विंझर, म्हणजे उतरायचं नव्हतं तिथं

वेल्ह्याकडं जाणारी एसटी धरली. आता तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण कंडक्टर वेल्हेच ओरडतो. पालीला जाणाऱ्यांनी मार्गासनीला उतरायचं असतं. मी हे वहीत दोनदा खाली रेघ मारून लिहिलं होतं.

नसरापूर मागं पडलं. खिडक्या बंद होत्या, भात काढून झालेला आणि हवेत गारठा. पुढच्या बाकावरचा टोपीवाला म्हातारा सारखा मान वळवत होता. शेवटी वळलाच.

"पाव्हनं, ह्यो वास कुनाचा?"

मी छातीला हात लावून म्हटलं, "मंडळींचा. का?"

"आमची म्हातारी गेली ना, तिच्या मयताला अगदी ह्योच वास व्हता."

हौसाबाईनं पिशवी उचलली. "म्या हितंच उतरते."

"अगं, बस, बस," मी म्हणालो आणि त्या म्हाताऱ्यावर घसरलो, "मयताचा कसा? भोरला दुकानदार म्हनला मांडवाचा!"

"मांडवाचा असंल. आमी म्हातारीला बी सजवून न्हेली व्हती. मोगऱ्याचं हार, गुलाबपानी." मग त्याचा आवाज खाली आला. "लई ग्वाड वास व्हता. म्या दोन दिस ते उपरनं धुतलं न्हाई."

मागून एक कॉलेजची पोरगी म्हणाली, "आजोबा, हा तर आमच्या गॅदरिंगचा वास आहे." तिच्या शेजारणीला त्यात देवळातला कळस धुतल्याचा वास आला, म्हणजे काय ते मला अजूनही कळलेलं नाही. वाद असा रंगला की कंडक्टरही येऊन हुंगून गेला. "साबन," एवढंच बोलून त्यानं तिकिटं फाडली. या गोंधळात मार्गासनी कधी मागं गेलं कळलं नाही. आम्ही विंझरला उतरलो. दोन रेघा मारून काय उपयोग?

विंझरला फाट्याजवळ चहाची टपरी आहे. चालवणारी बाई चाळिशीची, हाताला पीठ. मी तिला जीपचं विचारत होतो तर ती हौसाबाईजवळ जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, रागावू नगा. तुमच्याजवळ आल्यावर माज्या सासूची पेटी आठवली."

हौसाबाईनं धसकून विचारलं, "कुबट?"

"कुबट कसलं! ती पेटी वर्साला एकदा उघडायची. लाकडी. वर हिरवी साडी, खाली चांदीचं करंडं, कापराची पुडी. झाकन उघडलं की आमी सुना गोळा व्हायचो. काय द्यायची न्हाई कुनाला, पर वास घिऊ द्यायची."

हौसाबाई हसली. मी तिला अशी हसलेली पुष्कळ दिवसांत बघितली नव्हती. ती टपरीवालीला म्हणाली, "परत एकदा हुंगा की." टपरीवालीनं दुसरंही मनगट हुंगलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. मी दहा रुपये बरणीखाली ठेवले, मग वाटलं कमी ठेवले, म्हणून आणखी दहा ठेवले.

जीपची वाट बघताना हौसाबाई म्हणाली, "एक बाटली. एकाला लगीन, एकाला मयत, एकीला पेटी. आन माज्या नवऱ्याला पास." मी विचार करत होतो. वासाला यांच्याजवळ तरी नाव कुठं होतं? आंबटाला आंबट म्हणता येतं, तांबड्याला तांबडं म्हणता येतं. वास विचारला की माणूस तो कुठं भेटला होता ते सांगतो. मला तो कुठंच भेटला नव्हता, कारण मी नाक फक्त झाकणात घातलं होतं.

पाली

विंझरहून मागं येऊन साखरच्या बाजूनं जीप पालीला जाते. बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, माणशी चाळीस रुपये. मधल्या सीटवर बसा, मागं बसलात तर पाठ कामातून जाते. पाचच्या सुमाराला आक्काच्या अंगणात उतरलो. घराच्या मागं राजगड एवढा जवळ दिसतो की मला आधी दरड कोसळण्याचीच काळजी वाटली. आक्का ट्रेकवाल्यांना जेवण देते. पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणी भात मिळून दीडशे रुपये, पोटभर. गड उतरून आलेली पुण्याची एक चष्मेवाली मुलगी अंगणात बूट काढून बसली होती.

हौसाबाईनं मानानं लाडवांचा डबा पुढं केला. आक्कानं झाकण उघडलं, आणि मान मागं घेतली.

"हौसे, लाडवात काय घातलंस?"

"का? डिंक, खारीक, खोबरं, जायफळ..."

"मोगरा कशाला घातलास?"

हौसाबाई खाली बसली, म्हणजे ओट्याच्या कडेलाच बसली, पदर तोंडावर. मला ती संक्रांत आठवली. त्या दिवशी दूध हुंगून बघायला मी घरात नव्हतो. "म्हनत व्हते ना म्या," ती हळू बोलली, "मला न्हाई कळत आता. कुनाच्या तोंडी घालायचं काय मला कळत न्हाई. सकाळच्या पहिल्या जीपनं म्या जाते."

आता इथं मला सांगणं भाग होतं. त्या सकाळी ती न्हाणीत असताना मी बाटलीची परीक्षा घेतली होती. मनगटावर मारून हुंगायची मला सवय नाही. मी ओट्यावरचं एक स्टीलचं झाकण घेतलं, त्यात दोन फवारे मारले, नाक घातलं, मनात पास म्हटलं आणि झाकण होतं तिथं ठेवलं. ते लाडवांच्या डब्याचं होतं. डबा तिनं नंतर भरला आणि तेच झाकण घट्ट लावलं. दिवसभर डबा उन्हातान्हात मांडीवर होता.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, पण या वेळी खरं बोलताना तापल्या होत्या.

आक्का माझ्याकडं बघत राहिली. "पाव्हनं, एकतीस वर्सं तुमी गावाचं दूध पारखलंत?"

"व्हय."

"गाव जगलं कसं?"

हौसाबाईनं पदर बाजूला केला. "म्हंजे माझं चुकलं न्हाई?"

"न्हाई."

"लाडू चांगलं व्हतं?"

"पास," मी म्हणालो, आणि मग तिनं जे तोंड सोडलं ते थेट दिवे लागणीपर्यंत. दोन वर्षांत ती माझ्यावर अशी मोकळी ओरडली नव्हती. मी ओट्यावर बसून ऐकत होतो आणि मला, खरं सांगतो, फार बरं वाटत होतं.

वरचे लाडू बाजूला काढले, खालचे चांगले निघाले. वरचा एक त्या चष्मेवाल्या मुलीनं मागून घेतला. तिच्या पाठपिशवीत म्हणे अशा पाच बाटल्या होत्या, गडावर जातानाही लावते. लाडू चाखून ती म्हणाली, "आजी, खाऊसारख्या वासाची अत्तरं महाग असतात. तुमचा प्रकार उलटा आहे, पण वाईट नाही." मग तिनं हौसाबाईचं मनगट धरून डोळे मिटले. "आता शेवटचा थर आलाय. चंदन, आणि त्याखाली स्वच्छ त्वचेसारखं काहीतरी. धुतलेल्या अंगासारखं. मला हाच थर सगळ्यात आवडतो."

"धुतलेल्या अंगाचा वास?" आक्का म्हणाली. "त्याला बाटली कशाला लागती, पोरी? पानी लागतंय."

दुसरा दिवस: बारसं

सकाळी बायकांनी घर भरलं. पुरुष अंगणात, बायका आत, पाळणा मधोमध. मी बाहेर मांडवाच्या बांबूला धरून उभा होतो, कारण तो मला नीट रोवलेला वाटत नव्हता. आतून हौसाबाईची हाक आली. "अवो, हितं या जरा."

बायकांच्या घोळक्यात म्हातारा बाप्या. कुणीतरी हसलं. हौसाबाई पाळण्याजवळ बसली होती, आक्कानं बाळ जबरदस्तीनं तिच्या मांडीवर दिलं होतं. ती त्याच्या टाळूवर नाक टेकवून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला काय बी येईना," ती म्हणाली. "तुमी सांगा."

"ए मावशे, आजोबांना कशाला?" एक बाई म्हणाली. आक्का तिच्यावर खेकसली, "गप ऱ्हा."

मी गुडघे टेकले. गुडघा कट्‌कन वाजला. टाळूवर नाक ठेवलं. आधी नेहमीसारखा तो एक शब्द आला, तो मी गिळला. परत हुंगलं. बाळ हललं, मी घाबरून मागं झालो, परत पुढं झालो.

"कोमट दूध," मी म्हणालो.

"कसलं? तापवलेलं?"

"न्हाई. काढल्या काढल्या चरवीत असतं ते. वर फेस हाय अजून. पहाटेचं. भुरी गाय व्हती बघ आपली, तिचं."

"आनि?"

"धुरी दिलीय रात्री, ओव्याची, ती जरा केसात हाय. खाली तेल. आनि..." मला शोधावं लागलं. "रेखा झाली तेव्हा तू तिला माज्या हातात दिलीस, माज्या हाताला केंद्रावरच्या दुधाचा वास हाय म्हनून म्या घेत नव्हतो. तू म्हनलीस, असू दे, तिला बी दुधाचाच येतोय. तसा."

हौसाबाईनं बाळाच्या टाळूला परत नाक लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. वास आला नसणार. मी विचारलंही नाही. मग आत्यानं नाव ठेवलं, पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या, आणि हौसाबाई दुपारपर्यंत बायकांच्या मधोमध बसून राहिली. मला तासाचं भान होतं. दहाला, अकराला, बाराला मी दारात जाऊन उभा राहिलो. तिनं मनगट पुढं केलं नाही.

परत

परतीला पाली ते मार्गासनी जीप, तिथून एसटीनं कापूरहोळ, मग हायवे आणि टेम्पो. संध्याकाळच्या टेम्पोत भाजी नसते, हे फार बरं. येताना भोर केलं नाही तर दोन तास वाचतात. कुणी ही सहल करणार असाल तर मार्गासनीच्या आधी बोलणं बंद ठेवा, झाकणं आपापल्या डब्यांना लावा, आणि बरोबर ज्याचं नाक चालत नाही असं माणूस असेल तर वहीवर फार भिस्त ठेवू नका.

हौसाबाईचा वास परत आलेला नाही. डॉक्टर अजून हळूहळूच म्हणतात. जेवताना ती विचारते, आज आमटीला काय येतंय, आणि मी सांगतो. कधी पहिल्या पावसातलं गवत, कधी तापलेला तवा, परवा तर चिंचेच्या झाडाखालची सावली म्हणालो आणि ती म्हणाली, अती करू नका. पण एक भाकरी जास्त खाते.

काल दुपारी बचत गटाची बैठक होती, समाजमंदिरात. दोन वर्षांत ती तिकडं फिरकली नव्हती. मी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं, मनगटावर एक फवारा मारला, चपला घातल्या आणि निघाली.

"अगं, बघू का?" मी मागून ओरडलो.

"कशाला?" तिनं वळूनही बघितलं नाही.

मी तसाच बसलो. ती उशीर करेल का, बैठकीत कुणी काही बोलेल का, परत येईल तेव्हा तोंड कसं असेल, सगळं मनात येऊन गेलं. ओट्यावर तिचा वास रेंगाळला होता. कसला, ते मला अगदी नीट सांगता येत होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.